धाकटीची चाल

१५ जानेवारी २००५, शनिवार

पहाटे साडेचारला लिव्हिंग्स्टन सोडलं, सातच्या सुमारास नॅशनल पार्कातल्या लमारच्या खोऱ्यात. गाडी हॅरल्डची, चालवली मी. त्याचा खुबा नवीन बसवलाय, अजून दोन आठवडे ड्रायव्हिंग बंद आणि ते बंद करणारी फिजिओ मीच. "तू मला घरी बसवलंस, आता तूच मला लांडग्यांकडे ने," असं तो क्लिनिकमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला होता. पेशंटबरोबर फिरायचं नाही हा नियम. म्हणून काल त्याचा शेवटचा व्यायाम घेतला, डिस्चार्जच्या कागदावर सही केली, आणि आज नेलं.

ह. चौऱ्याहत्तर वर्षांचा. सगळी नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. बायको गेली त्याला पाच वर्षं झाली, तेव्हापासून लांडगे.

थंडी इतकी की नाकातले केस कडक होतात. रस्त्याच्या कडेला तीन पायांच्या स्टँडवर त्याचा स्कोप, म्हणजे लांबची दुर्बीण, लावला. मला आधी नुसता बर्फ दिसला. मग बर्फातले ठिपके. मग ठिपके चालायला लागले. नऊ लांडगे, दीड मैलावर, एकामागे एक. मी श्वास सोडला तर काच धुकट झाली, ह. ओरडला.

शेपूट वर धरून पुढे चालते ती करडी, घरची मालकीण. मागचा काळा तिचा नवरा. सगळ्यात शेवटी तिची बहीण. मधली सगळी मालकिणीची पोरं, यंदाची आणि गेल्या वर्षीची. ह. त्यांना नंबरांनी ओळखतो. माझ्या डोक्यात नंबर राहत नाहीत. मी म्हटलं थोरली, काळू, धाकटी.

"धाकटी लंगडते," मी म्हटलं.

"एल्कने लाथ मारली होती. दोन वर्षं झाली. आता कुणाला कळतही नाही." एल्क म्हणजे इकडचं घोड्याएवढं हरीण.

"डावा मागचा पाय. खुब्यात दुखणं आहे. पाय सरळ पुढे आणत नाही, बाहेरून अर्धगोल फिरवून टाकते."

"दीड मैलावरून?"

"तुम्ही वेटिंग रूममध्ये शिरलात की मी वर न बघता ओळखते."

तो बराच वेळ स्कोपमध्ये बघत राहिला. मग म्हणाला, "च्यायला." म्हणजे त्याच्या भाषेत जे असतं ते.

१६ जाने., रवि.

सं.चा फोन. "काल दिवसभर उचलत का नव्हतीस?" सांगितलं. प्लेनोत त्याच्याकडे वीस डिग्री आहे, तो बाल्कनीत चहा पीत होता. "मीनल, तू नागपूरची, तुला स्वेटर घालायचं माहीत नव्हतं. आणि आता हे?"

लग्नाला पाच वर्षं, त्यातली शेवटची दोन अशी. संदीप टेक्ससमध्ये सॉफ्टवेअरवाल्यांत, मी मोंटानात. या हॉस्पिटलने माझे ग्रीन कार्डचे कागद केले, त्यामुळे करार पुढच्या वर्षीच्या मेपर्यंत. मग मी प्लेनोला जायचं असं ठरलेलं आहे. ठरलेलं आहे हे दोघंही आठवड्यातून एकदा म्हणतो.

२९ जाने., शनि.

पुन्हा गेलो. ह.च्या पायाला आज परवानगी, पण गाडी मीच चालवली. सवय.

आज घरातलं राजकारण दिसलं. थोरली बसली होती, धाकटी जवळ आली तशी थोरलीने तिला उताणं पाडलं आणि वर उभी राहिली. गुरगुरणं नाही, काही नाही. नुसती उभी. धाकटी पाय वर करून पडून राहिली. मग थोरली निघून गेली आणि पोरं सगळी धाकटीजवळ जमली. एक तिच्या कानाला चावत होतं, एक पाठीवर. मावशीच ती. ह. म्हणतो गेली दोन वर्षं शिकारीला सगळे जातात तेव्हा पोरांपाशी हीच राहते.

"मग थोरली तिला असं का करते?"

"फेब्रुवारी आलाय. फेब्रुवारीत हिची स्वतःची पिल्लं व्हायची शक्यता असते. ते थोरलीला चालत नाही."

१२ फेब्रु., शनि.

वाईट दिवस.

उजाडता उजाडता गोंधळ सुरू होता. थोरली आणि तिच्या दोन मोठ्या मुली, तिघी मिळून धाकटीच्या मागे. कालवर ज्या तिच्या अंगावर खेळत होत्या त्याच. नदीपर्यंत पळवली. बर्फाच्या कडेवरून ती पाण्यात पडली, पोहून पलीकडे निघाली, अंग झटकलं. तो डावा पाय तर आता टेकतही नव्हता.

दुपारपर्यंत ती पलीकडच्या काठावर बसून. अलीकडे सगळे झोपलेले. काळू एकदा उठून काठापर्यंत गेला, तिच्याकडे बघितलं, परत येऊन थोरलीजवळ पडला.

दोनला ती उठली आणि उत्तरेकडे टेकडी चढून गेली. वर पोचल्यावर एकदा

नाही, मागे वळून बघितलं नाही. मला वाटलं होतं बघेल.

६ मार्च, रवि.

तीन शनिवार धाकटी नाही. तिच्या गळ्यात रेडिओ कॉलरही नाही, म्हणजे शोधायला काही साधन नाही. लांडग्यांचा अभ्यास करणाऱ्या टीममधली लिंडा रस्त्यावर भेटते, हातात अँटेना. तिला विचारलं. "एकटी लांडगी, त्यात लंगडी," ती म्हणाली आणि पुढे बोलली नाही. चांगली बाई आहे, खोटं बोलत नाही.

आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, "बहिणीनेच घालवली? बाप्पा." मग म्हणाली, "तू पण ना, लांडग्यांचं टेन्शन घेतेस. संदीपला जेवायला कोण देतं तिकडे?"

संदीपला जेवायला संदीप देतो, म्हटलं.

२८ मे, शनि.

पाच पिल्लं! गुहेच्या तोंडाशी. तीन काळी, दोन करडी. थोरलीच्या अंगावर चढतात, घसरतात, परत चढतात. ह.ने एकाही माणसाला स्कोप दिला नाही दहा मिनिटं. मग एक ओहायोची शाळामास्तरीण होती, तिला दिला. ती रडली. मला हसू आलं आणि मग मीपण.

आता गुहेपाशी मावशी नाही. पोरांपाशी थोरलीची एक मुलगी राहते, पण तिचं लक्ष नसतं, खारींच्या मागे पळते.

३ जुलै, रवि.

सं. आलाय, चार दिवस. काल पहाटे उठवलं तर "सुट्टीत कोण उठतं यार" पासून सुरुवात. डास. कॉफी थंड. सात ते नऊ काहीच नाही, नुसते बायसन, इकडचे रानगवे. तो गाडीत जाऊन झोपला.

साडेनऊला काळू शिकारीवरून आला. पिल्लं धावत गेली, त्याच्या जबड्याला चाटायला लागली आणि त्याने पोटातलं मांस त्यांच्यासमोर ओकून टाकलं. मी सं.ला उठवलं. तो नाक मुरडेल वाटलं. तो बघतच राहिला. "आठ मैलांवरून पोटात घेऊन आला?" ह. म्हणाला, कदाचित बारा. सं. दुपारी दोनपर्यंत स्कोप सोडेना. थोरली शेपूट वर करून सगळ्यांमधून फिरली तशी म्हणाला, "ही डिट्टो आमची पुण्याची आत्या."

आज मात्र भांडलो. त्याने प्लेनोमधल्या घरांचे फोटो आणलेत. चार बेडरूम, मागे कुंपण, सगळी घरं सारखी. मी म्हटलं बघू. तो म्हणाला, "गेली दोन वर्षं बघूच चाललंय." खरं आहे. मला काय हवंय ते मलाच नीट सांगता येत नाही. इथे मला कामावर माणसं नावाने ओळखतात. तिथे मी संदीपची बायको म्हणून पोचेन. हे त्याला म्हटलं असतं तर त्याला लागलं असतं, म्हणून नाही म्हटलं. तरी लागलंच काहीतरी.

८ ऑक्टो., शनि.

धाकटी आहे. मला वाटतं धाकटी आहे.

नदीपलीकडे, उत्तरेच्या टेकडीखाली तीन लांडगे. दोन मोठे करडे नर, कुणी कधी न पाहिलेले, आणि मध्ये एक करडी मादी. उतारावर आडवी चालत होती. डावा मागचा पाय बाहेरून, अर्धगोल, टेकला न टेकला की लगेच उचलला. मी ह.ला स्कोपकडे ओढलं.

ह.ने बघितलं. "करड्या माद्या या पार्कात ढीगभर आहेत, मिनॉल." मीनल म्हणणं त्याला जमत नाही.

लिंडा आली. तीपण म्हणाली लंगडणारे खूप. मी म्हटलं लंगडण्यालंगडण्यात फरक असतो. गुडघ्याचं लंगडणं वेगळं, पंजाचं वेगळं, खुब्याचं वेगळं. "दाखव," ती म्हणाली. मग काय, डांबरी रस्त्यावर मी दोन हात दोन पायांवर उतरले आणि चालून दाखवलं. आधी पंजा दुखणारा लांडगा, मग गुडघा, मग धाकटी. एका मोठ्या गाडीतून आलेलं कुटुंब थांबून माझेच फोटो काढायला लागलं. ह. गाडीच्या टपाला धरून हसत होता.

लिंडा हसली नाही. वहीत लिहिलं. पुढे प्रश्नचिन्ह काढलं, पण लिहिलं.

५ नोव्हें., शनि.

फजिती. लांबवर लंगडणारी आकृती बघून मी "धाकटी!" म्हणून ओरडले. कायोटी निघाला, इकडचा कोल्हा, तोही उजव्या पायाने लंगडणारा. ह. आता दर पाच मिनिटांनी गायी, डोमकावळे, पार्किंगमधल्या बायका दाखवून विचारतो, "ही धाकटी का?"

१० डिसें., शनि.

थोरली गेली.

लिंडाला बुधवारी तिच्या कॉलरचा सिग्नल बदललेला ऐकू आला. लांडगा बराच वेळ हलला नाही की ठोके दुपटीने पडतात. ती स्कीवर आत जाऊन बघून आली. एल्कच्या शिकारीत छातीवर लाथ बसली, बरगड्या आत गेल्या. जवळच अर्धवट खाल्लेला एल्क पडलेला. म्हणजे शिकार साधली होती तिने.

ज्या जनावराने बहिणीचा पाय मोडला त्याच जातीने हिला नेलं. मी फेब्रुवारीपासून तिच्यावर रागावलेले होते. आज रस्त्यावर उभं राहून मला तो राग कुठे ठेवावा कळेना. तिच्या राज्यात एकही पोर उपाशी नव्हतं हेही खरंच.

उरले: काळू, तिची एक मोठी मुलगी (बाकीची मोठी पोरं उन्हाळ्यापासून एकेक करून पांगली), आणि पाचातली चार पिल्लं. पाचवं ऑगस्टनंतर कुणी पाहिलं नाही.

३१ डिसें., शनि.

मोठी मुलगीही निघून गेली, दक्षिणेकडून एक परका नर आला होता त्याच्याबरोबर. तिचं वय होतं, जाणारच. पण आता काळू एकटा आणि आठ महिन्यांची चार पोरं. ती आकाराने मोठी दिसतात, शिकारीत काही कामाची नाहीत. एल्क वळला की पळतात.

आज काळूने एकट्याने एल्कची एक म्हातारी मादी तासभर पळवली आणि सोडून दिली. परत येऊन पडला. पोरं त्याचं तोंड चाटत होती. त्याच्या पोटात काही नव्हतं.

ह. आला नव्हता, खोकला.

८ जाने. २००६, रवि.

ह.ला न्यूमोनिया. आमच्याच हॉस्पिटलमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. लंचमध्ये जाऊन बसले. ऑक्सिजनची नळी नाकात, तरी पहिला प्रश्न, "चारही आहेत?"

"चारही आहेत. बायसनच्या जुन्या सांगाड्यावर कातडं ओरबाडत होती."

"फासळ्या दिसतात?"

दिसतात. मी म्हटलं हिवाळ्यातल्या केसांमुळे नीट कळत नाही. त्याने डोळे मिटले. "तुला खोटं बोलता येत नाही. लिंडाकडून शीक. ती गप्प बसते."

२२ जाने., रवि.

ह. घरी आला. त्याच्या जिन्याला दोन्हीकडे कठडा लावून घेतला, दहा पायऱ्या चढवून उतरवल्या. शनिवारी यायचं म्हणत होता. नाही म्हटलं. मग मला बजावलं: प्रत्येक शनिवारी रस्त्यावरून परत आलीस की आधी माझ्याकडे, मग घरी.

सं.चा फोन. प्लेनोतल्या त्या घराला मार्चअखेर हो-नाही सांगायचंय. मी म्हटलं, मला भीती वाटते. "घराची?" "नाही, तिथे गेल्यावर मी तुझ्यावर चिडत बसेन याची." पहिल्यांदा स्पष्ट बोलले. तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस." आणि फोन ठेवला. नीट ठेवला, आपटला नाही.

११ फेब्रु., शनि.

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर हातून निसटेल.

एकटीच गेले. रस्त्यावर फक्त लिंडा. काळू आणि चार पोरं नदीच्या अलीकडे, कॉटनवुडच्या झाडांजवळ, एका मेलेल्या एल्कवर. हिवाळ्यानेच मेलेला असावा. महिन्यात पहिल्यांदा त्यांची पोटं भरलेली.

साडेआठला उत्तरेच्या टेकडीवरून ते तिघे उतरले. दोन करडे नर आणि ती.

लिंडाने अँटेना खाली ठेवली. "हे संपलं आता," म्हणाली. परक्या घराण्यातले लांडगे भेटले की काय होतं ते तिने पाहिलंय, पोरांनाही सोडत नाहीत. मला म्हणाली, हवं तर गाडीत बस. मी बसले नाही.

नर पुढे, दुडक्या चालीने, शेपट्या वर. काळूने पाहिलं. तो उभा राहिला, पोरांच्या पुढे. दोघांविरुद्ध एक. त्यांनी नदी ओलांडली आणि धावायला लागले. काळूही धावला, पण त्यांच्याकडे नाही, आडवा, पूर्वेला. मला आधी वाटलं भ्यायला. लिंडा म्हणाली, "त्यांना पोरांपासून दूर नेतोय." दोन्ही नर त्याच्या मागे. तिन्ही टेकाडामागे गेले.

इकडे चार पोरं एकमेकांना चिकटून, शेपट्या पायांत. आणि ती मादी नदी ओलांडून वर आली. धावत नव्हती. चालत होती. डावा मागचा, बाहेरून, अर्धगोल.

एक पोर पळालं. तीन जागेवर. ती पाच-सात हातांवर थांबली. मान खाली घातली, पुढचे दोन पाय पसरले, मागचा भाग वर. खेळायला बोलावताना कुत्रं करतं तसं. पोरांना काही कळेना. पोरं तिला ओळखत नव्हती, तिला हाकललं तेव्हा पोरं जन्मलीही नव्हती. पण तिने काहीतरी ओळखलं असणार. वास असेल. बहिणीचा असेल. लिंडा म्हणते हे कुणाला सांगता येत नाही.

सगळ्यात लहान करडी पोर पोटावर सरपटत पुढे गेली आणि तिच्या जबड्याला चाटायला लागली.

लिंडा मोजत होती, वेळ लिहीत होती, आणि लिहिता लिहिता तिने माझा हात पकडला. हातमोज्यातून दुखेल इतका.

मग नर परत आले. हा खरा धोका. पोरं आडवी पडली. एक नर सरळ काळ्या पोरावर गेला, त्याला पाडलं. धाकटी मध्ये घुसली. भांडली नाही, नुसती पोराच्या अंगावरून उभी राहिली, आणि नराच्या तोंडाला तोंड लावून शेपूट हलवत राहिली. एक मिनिट. दोन. त्याने पोराला हुंगलं. सगळीकडून हुंगलं. आणि जाऊन एल्क खायला लागला.

दहा वाजता सगळे झोपले. एक पोर तिच्या पाठीला पाठ लावून. पळालेलंही परत आलेलं.

ह.कडे पोचले तर तो दारातच उभा. मी बूटही न काढता सांगत सुटले. सगळं ऐकून म्हणाला, "ही धाकटी का?" आणि यावेळी चेष्टा नव्हती. मी म्हटलं, हो.

१२ फेब्रु., रवि.

सं.ला फोनवर सगळं सांगितलं, पाऊण तास. शेवटी त्याने विचारलं, "आणि काळू?"

काळूचं काय झालं कुणालाच माहीत नाही. मी काल त्याचा विचारही केला नव्हता. लाज वाटली.

२५ फेब्रु., शनि.

काळू जिवंत! दक्षिणेच्या कड्यावर एकटा. मानेवर जखम, पण चालतो ठीक. डोकं वर करून ओरडला. खालून पोरांनी उत्तर दिलं, चौघांनी. नर उठून गुरगुरले तशी गप्प झाली. त्याच्या जवळ जायची कुणाची हिंमत झाली नाही. त्याचीही नाही.

४ मार्च, शनि.

लिंडाच्या टीमने गुरुवारी हेलिकॉप्टरमधून धाकटीला गुंगीचं इंजेक्शन मारून कॉलर घातली. आज रस्त्यावर मला शोधत आली. तिने स्वतः हाताने चाचपून पाहिलं: डाव्या बाजूचं जुनं फ्रॅक्चर, वाकडं जुळलेलं. "पण खुबा नाही, मीनल. कंबरेचं हाड. खुबा शाबूत आहे."

म्हणजे माझं निदान चुकलं आणि पेशंट बरोबर निघाली. रक्त तपासायला पाठवलंय, थोरलीचं जुनं रक्त त्यांच्याकडे आहे. पण लिंडाने वहीतलं ऑक्टोबरचं पान काढून माझ्यासमोर प्रश्नचिन्ह खोडलं.

१९ मार्च, रवि.

सं. फोनवर: "घराला नाही सांगितलं."

मी काही विचारायच्या आत पुढे: "हे तुझ्यासाठी वगैरे नाही, उगाच मोठं करू नकोस. मला कंटाळा आलाय गं एकट्याने जेवायचा. कुठल्या गावात ते नंतर बघू." मॅनेजरशी बोललाय. तीन महिने तिकडे राहून लांबून काम करून बघ, जमलं तर पुढे, असं म्हणाला म्हणे. जमलं नाही तर पुन्हा प्रश्न आहेच.

मी म्हटलं, मी पण हॉस्पिटलशी एकच वर्ष वाढवून घेते, जास्त नाही. आणि त्या वर्षात प्लेनोकडच्या हॉस्पिटलांनाही लिहिते. हे खरंच मनापासून म्हटलं. काहून कुणास ठाऊक, आज ते म्हणायला जड गेलं नाही.

आईला कळवलं. "तो येतोय? तिकडे? थंडीत?" मग, "त्याला लोकर पाठवू का?"

१ एप्रिल, शनि.

रक्ताचा निकाल: सख्ख्या बहिणी. लिंडाने रस्त्यावरच सांगितलं. ह. आज पहिल्यांदा आला होता, काठी घेऊन. टोपी काढली त्याने.

२२ एप्रिल, शनि.

धाकटी दहा दिवस दिसलेली नाही. यावेळी कुणी घाबरलेलं नाही. सिग्नल एकाच जागेवरून येतो, थोरलीच्या जुन्या गुहेतून. नर मांस आणून तोंडाशी टाकतात. गेल्या वर्षीची पोरं गुहेबाहेर पहाऱ्याला, म्हणजे लोळतात.

सं. बुधवारी पोचला. दोन बॅगा, एक कुकर, तीन मॉनिटर. आमच्या जेवणाच्या टेबलावर आता जेवायला जागा नाही.

२० मे, शनि.

तीन पिल्लं. ह. म्हणतो चार. सं. म्हणतो तीनच, चौथा दगड आहे. दगड मग उठून चालायला लागला. चार.

धाकटी आयुष्यात पहिल्यांदा आई. चालणं जास्त बिघडलंय, बाळंतपणामुळे असेल, बघायला हवं. पिल्लं पाठीवर चढायला लागली की डाव्या अंगावर पडत नाही, उजव्या अंगावर पडते.

२७ मे, शनि.

आठला दोन्ही नर शिकारीला गेले, मोठी दोन पोरंही. गुहेपाशी धाकटी, चार पिल्लं आणि गेल्या वर्षीची दोन: ती करडी पोर आणि एक काळं.

नऊच्या सुमारास सं. म्हणाला, "खाली झाडांत कुणीतरी आहे." स्कोप त्याच्याकडे होता. "काळा. मोठा. तोंडात काहीतरी."

काळू. फेब्रुवारीनंतर इतक्या जवळ कधीच नाही. तोंडात एल्कच्या पाडसाचा पाय. झाडांच्या कडेला उभा राहिला, अर्धा तास तरी. मग उघड्यावर आला.

करड्या पोरीने त्याला पाहिलं आणि अशी धावली की मधल्या ओढ्यात गडगडली. बापाच्या तोंडाला, कानाला, मानेला चाटत सुटली. मग काळंही गेलं. त्याने मांस त्यांना दिलं नाही. ते घेऊन तसाच गुहेकडे चढायला लागला, हळू, शेपूट खाली.

"नर परत आले तर?" सं.

"तर मारतील त्याला," ह. म्हणाला. "किंवा नाही. दोन वर्षांपूर्वी मी सांगितलं असतं नक्की काय ते."

धाकटी उठली. पिल्लं मागे. ती चार पावलं उतरली, थांबली. काळूही थांबला. दोघांमध्ये फार तर वीस पावलं. तिची शेपूट वर होती का खाली, मी ओरडून विचारलं, सं. म्हणाला, "मध्ये. हलत नाहीये." काळूने मांस खाली ठेवलं आणि दोन पावलं मागे झाला.

नेमका तेव्हा वरून ढग उतरला. पाच मिनिटांत टेकडी गेली, गुहा गेली, झाडं गेली. चष्म्यावर बारीक हिमकण. काही आवाज येतो का म्हणून तिघंही टोप्या वर करून ऐकत राहिलो. गुरगुरणं नाही. एक पिल्लू किंचाळलं, खेळताना किंचाळतात तसं, किंवा तसं नाही. मग काहीच नाही.

"जाईल ढग," ह. म्हणाला.

सं.ने गाडीतून तीन खुर्च्या काढल्या आणि ओळीत, टेकडी असेल त्या बाजूला तोंड करून मांडल्या. आम्ही बसलो.